फळी कुणी धरलीय?

माझं काम उभं राहायचं.
सांगलीत, मार्केट यार्डासमोर, दुसऱ्या मजल्यावर,
दहा बाय बाराच्या खोलीत,
ज्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढतो
त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये.

चष्मा कसला, डोक्याला बांधलेला डबाच.
आत समुद्र असतो, बर्फ असतो, एक वाघही असतो.
बाहेर मी.

कुरणे सर म्हणाले होते,
काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

पहिल्या महिन्यात एका पोरानं
वाघाला मारलेली चापट
माझ्या कानाखाली बसली.
दुसऱ्या महिन्यात एक बाई
नसलेल्या कठड्याला टेकायला गेल्या,
मी पाठ दिली.
तेव्हापासून मधोमध काथ्याची चटई टाकलीय:
टोचतंय तोवर तुम्ही मधे आहात.
खिडकीच्या अंगाला टेबलफॅन:
वारा तोंडावर आला की समजा, पुढं खिडकी आहे.
मळमळलं तर डोळे मिटा, डबा काढा,
पैसे वाया गेले म्हणून रेटू नका.
कोपऱ्यात ताक ठेवलंय.

एवढं सांगेपर्यंत
अर्धे लोक आत गेलेले असतात.

हळदीचा सीझन असला
की सौद्यांची धूळ जिन्यानं वर येते.
बर्फात उभी असलेली माणसं शिंकतात,
विचारतात, इथं हळद कुठली?
मी म्हणते, इथलीच.

अवसेला यार्ड बंद.
त्या दिवशी बिरू एडके आला, जतकडचा हमाल,
नखांच्या कडा पिवळ्या,
चौघडी शंभराची नोट.
त्यानं फळीचा खेळ मागितला.

चाळीस मजल्यांवरून बाहेर आलेली एक फळी,
खाली मोटारी मुंग्यांएवढ्या.
खोलीत खरी फळी असते, जमिनीपासून चार बोटं.
तिच्यावर भल्याभल्यांचे गुडघे विरघळतात.
मागच्याच आठवड्यात एक फौजदार
रांगत परत आला.

बिरूनं चपला काढल्या.
अंगठ्यानं फळीची डावी कड चाचपली, मग उजवी,
टाच दाबून वजन टाकून बघितलं,
आणि मी नव्हतेच अशा दिशेला तोंड करून विचारलं,
"फळी कुणी धरलीय?"

खोटी आहे, म्हणणार होते मी.
जिभेवर आलं होतं.
पण खिडकीतून रोजच तर बघते:
ट्रकला लावलेली फळी,
पाठीवर पोतं, पोत्याखाली मान,
माणसाला दिसतात फक्त स्वतःची पावलं,
आणि खाली एकजण दोन्ही हातांनी
फळी दाबून बसलेला.

मी बसले. दोन्ही हात टेकवले.
"मी धरलीय."
"तू कोण?"
"नसीमा."
"सोडू नगंस नसीमा. मला टोकाला वळायचं हाय."

तो गेला, ओझं असल्यासारखा,
कंबरेतून किंचित वाकून, घाई न करता.
टोकाला थांबला. खाली बघितलं बराच वेळ.
"जमीन लई लांब हाय," म्हणाला,
आणि वळला.

डबा काढल्यावर लोक आधी हसतात,
किंवा फोन शोधतात.
बिरूनं आधी माझे हात बघितले,
मग जिना कुठं आहे,
मग चपला.
ताक नको म्हणाला, पाणी मागितलं.
जाताना फळी उचलून भिंतीला उभी केली,
कुणाच्या पायात यायला नको म्हणून.

आता एक वाक्य वाढवलंय मी.
डबा चढवायच्या आधी नाव सांगते माझं,
आणि त्यांच्याकडून म्हणवून घेते.
कुरणे सरांना वाटतं, गिऱ्हाइकी वाढवायची युक्ती आहे.

रात्री शटर ओढायच्या आधी
कधीकधी मीही समुद्रात जाते.
गुडघाभर पाणी, लांबवर एक दिवा,
इतकं सुंदर की घसा दाटतो.
फॅन चालू असतो. चटई असते.
भिंतीच्या बाजूला कुणीच नसतं.

पाऊल उचलायच्या आधी
तोंडातून आपोआप निघतं, कुणी धरलीय?

खाली यार्डात उशिराचा एखादा ट्रक भरत असतो.
"धरलीय, ये!" कुणीतरी ओरडतं.
ते दुसऱ्या कुणाला असतं.
मी तळव्याला काथ्या टोचतोय का बघते
आणि एकच पाऊल टाकते.